परळमधून निघालेलं जीवनसत्त्व

परळच्या हाफकिन संस्थेची जुनी इमारत एके काळी मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होती. १८९९ मध्ये वाल्देमार हाफकिन यांची प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा तिथे आली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. प्लेगची लस, सर्पदंशावरचं औषध ही हाफकिनची कामं मुंबईकराला ऐकून तरी ठाऊक असतात. पण १९२८ नंतर याच आवारात एका इंग्रज डॉक्टरीणबाईंनी गरीब गरोदर बायकांच्या रक्तावर काम केलं आणि आज जगभर गरोदर बाईच्या हातात पडणारी फोलिक ॲसिडची गोळी त्या कामातून पुढे आली, हे परळच्या माणसांनाही सांगावं लागतं.

मी परळच्याच एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी विभागात नोकरी केली. थेंब काचपट्टीवर पसरवायचा, लीशमनच्या रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशींचा आकार, पांढऱ्या पेशींचे कप्पे बघत बसायचं, हे माझं काम. आता ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, ‘ताई, डिप्रेशनवर फोलिक ॲसिड चालतं म्हणे, खरं का?’ कुणी गोळ्या सुरू असताना सोबत घ्यायचं म्हणतं, तर कुणाला मनाच्या गोळ्या सोडून नुसतं तेवढंच घ्यायचं असतं. एका वाक्यात उत्तर द्यायला मी कचरते, कारण त्या उत्तरामागे सुमारे शंभर वर्षांची हकीकत आहे आणि ती आपल्याच पायरीपासून सुरू होते.

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे लूसी विल्स. त्यांचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्या मैत्रिणीबरोबर दक्षिण आफ्रिकेत होत्या. फ्रॉइडच्या विचारांनी दोघींनाही ओढ लावली होती. मनाचं कोडं सोडवायची ही ओढ घेऊन विल्स लंडनला बायकांच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या, १९२० मध्ये डॉक्टर झाल्या आणि गेल्या मात्र प्रयोगशाळेत, रसायनाकडे. या वळणापाशी मी नेहमी थबकते. ज्या द्रव्याचा माग त्यांनी पुढे काढला, तेच द्रव्य त्यांच्या पश्चात मानसोपचाराच्या वॉर्डात पोहोचलं. त्या १९६४ मध्ये गेल्या. त्यांना ते बघायला मिळालं नाही.

भारतात त्यांना बोलावलं डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी. बाळंतपणात बायका इतक्या का मरतात, याची चौकशी तेव्हा इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतली होती. मुंबईत एक जीवघेणा पंडुरोग दिसत होता. गरोदर बाई पांढरी पडत जायची, धाप लागायची, आणि रक्त तपासलं तर लाल पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या. त्या पेशी दिसायला पर्निशस ॲनिमियातल्या पेशींसारख्या होत्या. पर्निशस ॲनिमियावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय बोस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी १९२६ मध्येच दाखवला होता. पर्निशस ॲनिमियात दिसणारी नसांची ठरावीक लक्षणं मुंबईतल्या बायकांच्या आजारात मात्र दिसत नव्हती.

काळ कोणता होता तेही लक्षात घ्या. १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने बंद होत्या, गिरणी कामगार युनियन त्याच वर्षी उभी राहिली. मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा १९२९ चा. रिळांवर, वाइंडिंगमध्ये उभ्या राहून काम करणाऱ्या बायका ज्या चाळींत राहत, तिथल्या दहा बाय दहाच्या खोलीत शेवटचा घास बाईच्या वाट्याला यायचा. विल्स यांनी या घासाचीच तपासणी केली. डॉ. एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या बायकांचा आहार आणि राहणीमान यांची पाहणी केली आणि ती १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली. डॉ. मेहता यांच्याबरोबरचा प्राथमिक अहवालही त्याच वर्षीचा. हे दोन सहकारी आज कुणाच्या लक्षात नाहीत. विल्स यांचं नाव घेताना तळपदे आणि मेहता ही नावं घेतलीच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं, कारण चाळीतल्या बाईला ‘काल काय खाल्लंत?’ हे विचारून खरं उत्तर मिळवायचं तर तिची भाषा कळणारं माणूस लागतं.

रक्तातला दोष जंतूचा नसून ताटातल्या उणिवेचा आहे, असा विल्स यांचा कयास होता. त्यांनी उंदरांना या बायकांच्या आहारासारखा आहार दिला. उंदीर पंडुरोगी झाले, यीस्ट दिल्यावर वाचले. मग लक्षात आलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांमुळे झालेल्या संसर्गाने निकाल गढूळ झाला आहे. विल्स यांनी काम टाकलं नाही, ऱ्हिसस माकडांवर तेच पुन्हा केलं. मुंबईखेरीज कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत आणि मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयात त्यांचं काम चाललं. बायकांना त्यांनी जे दिलं ते साधं होतं, मार्माइट. इंग्लंडमध्ये बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टचा काळपट खारट अर्क, लोक पावाला लावून खातात तो. यकृतापेक्षा स्वस्त. बायकांच्या रक्तात काही दिवसांतच कोवळ्या लाल पेशींची संख्या उसळली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा निबंध आला. पर्निशस ॲनिमियावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क या आजारात लागू पडत नाही, ओबडधोबड अर्क मात्र लागू पडतो, हेही त्यांनी पुढे दाखवलं. म्हणजे यकृतात आणि यीस्टमध्ये आणखी एक वेगळं द्रव्य होतं. त्याला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

द्रव्य हाती यायला दहा वर्षं गेली. १९४१ मध्ये टेक्ससमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून ते वेगळं काढलं. १९४५ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ली प्रयोगशाळेने ते कृत्रिमरीत्या तयार केलं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. हेच ते फोलिक ॲसिड.

मग लगेच एक धडा मिळाला. नवं औषध हाती आलं म्हणून ते पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांनाही देऊन पाहिलं. रक्त सुधारलं, हिमोग्लोबिन चढलं, डॉक्टर खूश झाले. पण काही महिन्यांत त्यातल्या काहींचे पाय बधिर व्हायला लागले, चालताना तोल जायला लागला. त्यांना खरी उणीव बी१२ ची होती आणि ते जीवनसत्त्व वेगळं निघालं १९४८ मध्ये. फोलिक ॲसिडने काचपट्टीवरचं चित्र सुधारलं आणि मज्जारज्जू आतून बिघडत राहिला. माझ्यासारख्या काचपट्टी बघणाऱ्या माणसाने विसरू नये अशी ही गोष्ट आहे. आपण पेशी मोजून रिपोर्ट देतो, आणि पेशी नीट दिसल्या म्हणून माणूस बरा आहे असं नसतं.

फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचं अन्नातलं रूप, मनाकडे वळलं ते अमेरिकेतल्या व्हिक्टर हर्बर्ट यांच्यामुळे. १९६१ मध्ये त्यांनी स्वतःवरच प्रयोग केला. फोलेट पाण्यात विरघळतं आणि उष्णतेने नष्ट होतं, म्हणून त्यांनी आपलं सगळं अन्न तीन-तीनदा उकळून, पाणी फेकून देऊन खाल्लं, आणि असं साडेचार महिने केलं. रक्तातलं फोलेट आधी उतरलं, पेशी मोठ्या व्हायला बरेच महिने लागले. पण चौथ्या महिन्यात झोप उडाली, विसरभोळेपणा आला, पुढे चिडचिड वाढली. फोलिक ॲसिड घेतल्यावर ही लक्षणं दोन दिवसांत गेली. एकाच माणसावरचा, तोही स्वतःवरचा प्रयोग म्हणून कुणी तो मोडीत काढील. मी काढत नाही. आपल्याकडे पालेभाजी उकडून पाणी ओतून देणारी घरं मी पाहिली आहेत आणि तिथे मी हर्बर्टचीच गोष्ट सांगते.

१९६७ मध्ये दोन गोष्टी जवळपास एकदम झाल्या. इंग्लंडमध्ये कार्नी यांनी ४२३ मानसिक रुग्णांच्या रक्तातलं फोलेट मोजून छापलं. आणि एडवर्ड रेनॉल्ड्स यांनी फेफऱ्याच्या रुग्णांकडे लक्ष वेधलं. फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन ही औषधं वर्षानुवर्षं घेतली की फोलेट उतरतं. अशा २६ रुग्णांना त्यांनी फोलिक ॲसिड दिलं. बहुतेकांची मरगळ गेली, बोलणं-वागणं मोकळं झालं, पण जवळजवळ निम्म्यांचे झटके वाढले. पुढच्या काटेकोर चाचण्यांत हे तसंच्या तसं आढळलं नाही, तरी फोलेट मेंदूपर्यंत पोहोचतं आणि तिथे काहीतरी करतं, हा विचार रुजला. १९८० मध्ये शॉर्व्हन आणि रेनॉल्ड्स यांच्या गटाने मोठ्या पेशींच्या पंडुरोगाचे रुग्ण दोन गटांत मांडले. बी१२ कमी असलेल्यांत नसांचे विकार अधिक होते. फोलेट कमी असलेल्यांत मनःस्थितीचे विकार, मुख्यतः उदासी, ५६ टक्क्यांत होते.

मला हा आकडा परका वाटला नाही. आमच्याकडे मानसोपचार विभागातून रक्त यायचं, तेव्हा बाटलीवरच्या चिठ्ठीत वय आणि आजाराचं नाव एवढंच असायचं. एकदा एका बाईंची बहीण रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आली आणि विचारू लागली, ‘ताई, काही सापडलं का हो? सगळे म्हणतात मनाचं आहे. ती आधी अशी नव्हती.’ काचपट्टीवर मोठ्या, अंडाकृती लाल पेशी होत्या आणि पांढऱ्या पेशींच्या केंद्रकांचे सहा-सहा कप्पे. ती काचपट्टी मी खूण करून डॉक्टरांकडे पाठवली आणि पुढची तपासणी झाली. त्या बाईंना बी१२ ची इंजेक्शनं सुरू झाली, मनाच्या गोळ्याही चालू राहिल्या. दोन्हींतल्या कशाने किती फरक पडला हे सांगता यायचं नाही, आणि मी सांगणारही नाही. पण ‘मनाचं आहे’ म्हटल्यावर रक्ताकडे बघायचं थांबू नये, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलं.

यामागचं रसायन थोडक्यात सांगते. अन्नातलं फोलेट शरीरात मेथिलफोलेट बनतं आणि आपल्याजवळचा कार्बनचा एक गट होमोसिस्टीनला देतं. त्यातून मेथिओनिन आणि पुढे ज्याला सॅम म्हणतात ते द्रव्य तयार होतं, मेंदूतल्या कितीतरी घडामोडी त्यावर चालतात. सिरोटोनिन, डोपामिन बनवणाऱ्या विकरांना लागणाऱ्या मदतनिसाशीही फोलेटचा संबंध जोडला जातो. पण मेथिलफोलेटजवळचा हा गट उतरवून घ्यायला बी१२ लागतं. ते नसेल तर फोलेट माल भरून गोदीत आलेल्या आणि हमाल नसलेल्या जहाजासारखं तसंच नांगरून पडतं.

आता मुख्य प्रश्नाकडे येते: उपचार म्हणून याने काय साधलं? सिरोटोनिनवर आधी मोठं काम केलेल्या अॅलेक कॉपेन यांनी १९८६ मध्ये लिथियम घेणाऱ्या रुग्णांना रोज २०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड देऊन पाहिलं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो गॉडफ्री आणि सहकाऱ्यांचा १९९० चा लॅन्सेटमधला अभ्यास. त्यांनी आधी १२३ मानसिक रुग्णांच्या लाल पेशींतलं फोलेट मोजलं. ४१ जणांत, म्हणजे तिघांत एकाला, ते कमी किंवा काठावर होतं. मग फक्त या ४१ जणांना नेहमीच्या औषधांसोबत सहा महिने रोज १५ मिलिग्रॅम मेथिलफोलेट किंवा तसल्याच दिसणाऱ्या निरुपयोगी गोळ्या दिल्या. नैराश्याचे यात २४ होते, बाकीचे स्किझोफ्रेनियाचे. मेथिलफोलेट मिळालेले जास्त सुधारले. संख्या लहान आहे, पण पद्धत विल्स यांची आहे. आधी विचारायचं, उणीव कुणात आहे, आणि मग द्यायचं.

२००० साली कॉपेन आणि बेली यांनी १२७ रुग्णांना फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या औषधासोबत ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड किंवा बनावट गोळी दिली. फोलिक ॲसिड घेणाऱ्या बायकांत ९४ टक्के जणींत चांगली सुधारणा झाली, नुसतं फ्लुओक्सेटिन घेणाऱ्या बायकांत ६१ टक्के. पुरुषांत तसा फरक पडला नाही आणि कदाचित त्यांना डोस जास्त लागला असता असं लेखकांनी म्हटलं. ५०० मायक्रोग्रॅम म्हणजे किती? आपल्या आरोग्य केंद्रात आशाताई गरोदर बाईला जी लोहाची लाल गोळी देतात, तिच्यात फोलिक ॲसिड तेवढंच असतं.

मग फोलेट एकट्यानेच नैराश्य बरं करतं का? इटलीत १९९३ मध्ये पासेरी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशासोबत नैराश्य असलेल्या वृद्धांना ५० मिलिग्रॅम मेथिलफोलेट किंवा ट्राझोडोन हे नैराश्याचं औषध दिलं. ९६ जण होते, दोन्ही गट सुधारले. बनावट गोळ्यांचा तिसरा गट नव्हता, त्यामुळे ते सुधारले कशाने हे ठामपणे सांगता येत नाही. वेगवेगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या समीक्षकांनी २००३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या हाती तीन चाचण्या आणि २४७ माणसं एवढंच होतं. औषधासोबत जोड म्हणून थोडा फायदा दिसतो, औषधाऐवजी घ्यायला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ‘गोळ्या सोडून नुसतं फोलिक ॲसिड घेऊ का?’ असं विचारणाऱ्यांना मी आजही हेच सांगते: नका घेऊ. नैराश्याची औषधं डॉक्टरांना न विचारता सोडणाऱ्यांचं काय होतं ते मी पाहिलंय.

२०१२ मध्ये अमेरिकेत पापाकोस्टास यांच्या गटाने, औषधाला दाद न देणाऱ्या रुग्णांवर एल-मेथिलफोलेटच्या दोन चाचण्या छापल्या. रोज साडेसात मिलिग्रॅमने फरक पडला नाही, पंधराने पडला. त्या चाचण्यांना पैसा ते द्रव्य विकणाऱ्या कंपनीचा होता आणि अमेरिकेत ते ‘वैद्यकीय आहार’ म्हणून विकलं जातं. निकाल फेटाळायला हे कारण पुरत नाही, पण वाचताना ते डोळ्यांआड करू नये.

सगळ्यात मोठी चाचणी वेल्समध्ये झाली. ४७५ रुग्ण, नैराश्याच्या औषधासोबत बारा आठवडे रोज ५ मिलिग्रॅम फोलिक ॲसिड किंवा बनावट गोळी. २०१४ मध्ये निकाल आला, फायदा काहीच नाही. हा निकाल वाचून अनेकांनी हा विषय बंद केला. मला मात्र त्या चाचणीची एक अट महत्त्वाची वाटते. फोलेट किंवा बी१२ कमी असलेल्यांना तिच्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे ज्यांच्यात उणीव नाही त्यांना जादा फोलिक ॲसिड देऊन नैराश्य हटत नाही, हे तिने पक्कं दाखवलं. उणीव असलेल्यांचं काय, हे ती सांगत नाही. पापाकोस्टास यांचे निकाल या चौकटीत नीट बसत नाहीत हे मला मान्य आहे. पण गॉडफ्री ते वेल्स हा प्रवास पाहिला की विल्स आणि तळपदे यांनी चाळींत जाऊन विचारलेला प्रश्न, या बाईच्या ताटात काय नाही, तोच उपचाराआधीचा पहिला प्रश्न आहे असं माझं मत पक्कं होतं.

आणि त्या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं आजचं उत्तर १९३० सारखं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांच्यात फोलेटची कमतरता जवळपास नव्हतीच. डाळ, मेथी, शेपू, चवळीचा पाला खाणाऱ्या घरांत ती कशाला असेल? पण दोनतृतीयांश बायकांत बी१२ कमी होतं. बी१२ प्राणिज अन्नातूनच येतं. शाकाहार करणाऱ्या घरात दूधही पुरेसं नसेल, किंवा खाणाऱ्या घरात मटण-मासळी परवडत नसेल, तर ते येणार कुठून? याच गटाने २००८ मध्ये दाखवलं की ज्या आयांत फोलेट भरपूर आणि बी१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला प्रतिकार सर्वांत जास्त होता. २०१२ मध्ये त्यांनी त्या मातांच्याच किशोरवयीन मुला-मुलींना बी१२ देण्याची चाचणी सुरू केली.

म्हणून आपल्याकडे उदास, थकलेल्या, झोप उडालेल्या माणसाने दुकानातून ५ मिलिग्रॅमची फोलिक ॲसिडची पट्टी आणून सुरू करणं मला धोक्याचं वाटतं. १९४० च्या दशकातल्या त्या पर्निशस ॲनिमियाच्या रुग्णांची वाट इथेही खुली आहे. रक्त सुधारलेलं दिसेल आणि नसा बिघडत राहतील. आधी साधा सीबीसी करावा, एमसीव्हीचा, म्हणजे लाल पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा आणि काचपट्टीवरच्या पेशींचं वर्णन रिपोर्टमध्ये मागून घ्यावं, मग बी१२ आणि जमलं तर फोलेट. बी१२ कमी निघालं तर ते आधी भरून काढायचं, फोलेट नंतर किंवा सोबत. फेनिटॉइन, मेथोट्रेक्सेट अशी औषधं चालू असतील, दारू असेल, आतड्याचा जुना आजार असेल, तर डॉक्टरांना ते न विचारताच सांगायचं. मानसोपचार विभागातल्या प्रत्येक नव्या रुग्णाची बी१२ आणि फोलेटची तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत फुकट व्हावी, अशी माझी मागणी आहे. खासगी प्रयोगशाळेतला त्याचा खर्च गिरणगावातल्या घराला आजही परवडत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोठी पेशी ओळखू शकणारी माणसं या परळमध्ये अजून आहेत.